कांताआक्का जहाजातनं उतरली

तुम्ही जहाजाच्या सहलीला जाणार असाल तर खुशाल जावा. मी कोण अडवणार? पण जायच्या आधी निपाणीत माझ्या बी-बियाणाच्या दुकानात येऊन दोन घटका बसा. चहा पाजतो. त्या जहाजाचं नुसतं नाव काढलं तर ह्या कुंथुनाथचं डोस्कं कसं सणकतंय, तेबी बघून जावा.

राग माझ्यासाठी न्हाय. मला काय, मी कुठंबी पडून ऱ्हातो. राग हाय तो माझ्या थोरल्या बहिणीसाठी, कांताआक्कासाठी.

आक्काला वळखत न्हाय असा माणूस आमच्या पेठेत सापडायचा न्हाय. तिची चटणी कांडपाची गिरण हाय. नवरा गेला तेव्हा पोरगा जिनेंद्र बारका होता. सासरच्यांनी सगळं ठरवून टाकलं. हिनं कुठल्या खोलीत ऱ्हायाचं, कसलं लुगडं नेसायचं, कुणाच्या लग्नाला जायचं न्हाय. आक्का सगळ्याला हूं म्हणाली. पण एका गोष्टीत तिनं कुणाला बोट घालू दिलं न्हाय. दिवस बुडायच्या आत जेवायचं. बुडल्यावर पाण्याशिवाय तोंडात काय घालायचं न्हाय. आम्हा जैनांत हा नियम लई जण घेत्यात आणि सोयीनं सोडत्यात. मीबी सोडला. आक्कानं सोडला न्हाय. मिरच्यांची पोती घेऊन बायका दारात उभ्या असू द्यात, दिवस कलला की ही बटण बंद करणार. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "एवढं काय हो त्या नियमात?" आक्का म्हणाली, "बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलंय. एवढं एकच माझं हाय."

गिरणीची खिडकी मिरचीच्या धुरळ्यानं कायम लाल. आत बसून आक्काला ऊन हाय का गेलं कळायचं न्हाय. म्हणून जिनेंद्र शाळेतनं आला की पत्र्यावर चढायचा आणि वरनं बोंब मारायचा, "आई, अजून हाय! जेव!" मग आक्का डबा सोडायची. सगळ्या पेठेला ती आरोळी पाठ होती.

तोच जिनेंद्र आता बेंगळूरला मोठ्या कंपनीत हाय. उंच इमारतीत ऱ्हातो. त्याच्या मनात आलं, आईनं जन्मात समुद्र बघितला न्हाय, तिला जहाजातनं फिरवून आणावं. मन चांगलं हो पोराचं, ते मी कुठं नाकारतोय? बेळगावच्या एका सहलवाल्याला फोन केला आणि माझं नि आक्काचं बुकिंग करून मोकळा झाला. मुंबईत चढायचं, जहाजानं गोव्याला जायचं आणि जहाजानंच परत मुंबईला यायचं. अरे, आमच्या निपाणीतनं सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला गोव्यात असतोय! आम्ही मात्र रातभर बसमध्ये हाडं मोडून घेत आधी मुंबई गाठली. का, तर गोव्याला जायाचंय.

निघायच्या आधी मी विचारलतं बरं का. "जिनू, जेवणाचं काय?"

"मामा, जैन जेवण सांगितलंय. काळजीच करू नका."

सहलवालाबी तेच म्हणाला. त्याचा पोरगा स्वरूप आमच्या गटाबरोबर येणार होता, त्योबी तेच म्हणाला. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय, एवढं सगळ्यांनी विचारलं. जेवण मिळणार किती वाजता, हे एकालाबी विचारायचं सुचलं न्हाय. मलाबी न्हाय. जहाजावर रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत असतंय. आपली पाळी कुठली, ते पैसे भरायच्या आधी विचारा. जहाजावर चढल्यावर विचारून उपयोग न्हाय, तितं सगळे फक्त हसत्यात.

बंदरावर पहिली झटापट डब्यावरनं झाली. आक्कानं दशम्या केलत्या, शेंगाची चटणी, रव्याचे लाडू. तपासणीवाल्यानं पिशवी उघडली आणि म्हणाला, घरचं अन्न आत न्यायला परवानगी न्हाय. मी म्हटलं, "साहेब, दशमी हाय ती, बॉम्ब न्हाय." तो म्हणाला, नियम हाय. नियम असंल, मान्य. पण तो आम्हाला आधी सांगायला त्या स्वरूपची जीभ झडलती काय? आक्काच्या डोळ्यांदेखत लाडू कचऱ्याच्या डब्यात गेले. तिनं रिकामा डबा पुसून पिशवीत ठेवला.

मोठ्या बॅगा त्यांनी दारातच काढून घेतल्या. खोलीवर पोचवतो म्हणाले. पोचवल्या, पण दिवेलागणीला. आक्काच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत! मी त्या मजल्यावरनं ह्या मजल्यावर पळतोय, जो भेटंल त्याला विचारतोय आणि प्रत्येक जण मला दुसऱ्याकडं धाडतोय. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. माझं बाकी काय ऐकू नका, एवढं ऐका.

आणि खोली! खोली कसली, पेटी. खिडकीच न्हाय. स्वस्तातली खोली आतल्या अंगाला असती म्हणं. दिवा घालवला की काळोख, लावला की उजेड, बाहेर दुपार हाय का मध्यरात्र, काय पत्ता लागंना. आक्का खाटेवर बसून म्हणाली, "कुंथू, वर जाऊन बघून ये रं, ऊन कुठवर आलंय." मी वर गेलो तर ऊन पिवळं पडलतं. आता झटक्यात काहीतरी खाऊन घेऊ म्हणून खाली आलो, तंवर भोंगा झाला. सगळ्यांनी जॅकेटं घेऊन वर यायचं, जहाज बुडलं तर काय करायचं ते शिकवणार. चुकवता येत न्हाय, सगळ्यांनी यायलाच पायजे. बरोबर हाय, जिवाचा प्रश्न हाय. पण आम्हाला रांगेत उभं केलं, शिट्टी कशी वाजवायची ते दाखवलं, आणि समोर समुद्रात दिवस बुडत होता. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो असा, गळ्यात नारिंगी जॅकेट आणि पोटात सकाळची दोन केळी. सगळी माणसं सूर्याचे फोटो काढत होती. आक्का हात जोडून उभी होती.

आमची जेवणाची पाळी दुसरी. पावणेनऊ. जैन जेवण होतं, लई छान सजवलेलं होतं. आक्का पाणी पिऊन झोपली. मी जेवलो. खोटं कशाला बोलू, भूक लागलती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवणघराच्या मोठ्या साहेबाला गाठलं. म्हटलं, "आमच्या बहिणीला संध्याकाळी पाचला काहीतरी द्या. भात-आमटी द्या, नुसती पोळी द्या." तो गोड हसला. पाळी बदलता येत न्हाय, म्हणाला, पण डबा भरून साडेपाचपर्यंत खोलीवर पाठवतो. नक्की? नक्की. आम्ही पाचपासनं दार उघडं टाकून बसलो. साडेपाच झाले. फोन केला, निघालाय म्हणाले. परत फोन केला, निघालाय म्हणाले. मी वर पळालो, बघितलं तर समुद्रावर नुसती लाली उरलेली. आणि खाली आलो तर डबा दारात! वर कागदी फूल लावलेलं!

त्याच वक्ताला स्वरूप आला. म्हणाला, "आक्का, पाच-दहा मिनिटांचा तर फरक हाय. खोलीला खिडकीबी न्हाय. दिवस बुडाला का न्हाय, हितं कुणाला कळतंय? जरा अॅडजस्ट करा की."

आक्का म्हणाली, "मला कळतंय की रं, बाळा."

शांतपणे म्हणाली हो. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तो डबा फुलासकट त्याच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "जा, तुझ्या खोलीत खिडकी असंल तर तितं बसून गीळ." त्या रात्री मीबी जेवलो न्हाय. घास उतरलाच नसता.

दोन दिवस फोनला रेंज न्हवती. समुद्रात इंटरनेट पायजे तर वेगळे पैसे, आणि भरले तरी नुसतं चक्र फिरतंय. तिसऱ्या दिवशी गोव्याच्या बंदरावर उतरलो आणि जिनेंद्रचा फोन आला.

"आई, मजा येत्या न्हवं? फोटो पाठव की."

आक्का म्हणाली, "लई छान हाय रं. समुद्र केवढा थोरला!"

दोन रात्री उपाशी असलेली बाई असं बोलली बघा. मी फोन ओढून घेतला आणि त्याला सगळं सुनावलं, भर बंदरात, आजूबाजूची माणसं बघाय लागली. तर तो म्हणतो, "मामा, दोनच दिवस ऱ्हायलेत. तिला जरा अॅडजस्ट करायला सांगा की."

"मी न्हाय सांगत! तू सांग! त्या गिरणीच्या पत्र्यावर चढून सांग!" मी ओरडलो आणि फोन बंद केला.

आक्कानं सगळं ऐकलतं. फोनमधला आवाज मोठाच होता. तिचा चेहरा एवढासा झाला. स्वरूप काय बोलला तेव्हा झाला न्हवता, आता झाला. जरा वेळानं म्हणाली, "कुंथू, हितनं कणकुंबीवरनं बेळगावला बस जाती न्हवं?"

"जाती की."

"मग चल. मला त्या जहाजात परत जायचं न्हाय."

मधेच उतरायचं तर असं उठून जाता येत न्हाय. जहाजावर परत जाऊन सांगावं लागतंय, कागदावर सह्या कराव्या लागत्यात, न्हायतर ते आपल्याला शोधत बसत्यात. त्यात दुपार गेली. स्वरूप मागनं हात जोडत आला. "काका, परतीचं तिकीट वाया जाईल. गट मोडतोय." मी म्हटलं, "तुझा गट तू सांभाळ. मला माझी बहीण सांभाळायची हाय." दोन्ही बॅगा दोन्ही हातांत घेऊन उतरलो. पणजीच्या स्टँडवर बस मिळाली तेव्हा ऊन कलायला लागलतं.

चोर्ल्याचा घाट चढताना आक्का खिडकीला चिकटून बसलती. रस्ता वळला की ऊन दिसायचं, परत वळला की झाडीत जायचं. मी मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या घालत होतो. कणकुंबी आली तेव्हा आक्का उठून कंडक्टरकडं गेली आणि कन्नडमधनं म्हणाली, "अण्णा, ऊटा माडबेकू." जेवायचंय एवढंच. त्यानं एकदा घड्याळाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि शिट्टी मारून बस थांबवली. एवढ्या मोठ्या जहाजाला जे दोन दिवसांत जमलं न्हाय, ते त्या माणसानं एका शिट्टीत केलं.

रस्त्याच्या कडंला मष्णू नावाच्या माणसाचं हॉटेल होतं. मी म्हटलं, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय जे असंल ते दे, पण आत्ता दे. भाकरी आणि मुगाची आमटी त्याच्या घरच्यांसाठी केलेली होती, तीच त्यानं ताटात वाढली. आक्का हात धुऊन बसली. भाकरी मोडली आणि तशीच थांबली.

चारी अंगाला झाडी. ऊन कुठं दिसंना. आभाळ उजळ होतं, पण सूर्य डोंगराच्या मागं हाय का बुडालाय, कळायला मार्ग न्हवता.

"कुंथू, हाय काय रं?"

"हाय हाय, जेव तू."

"बघितलास?"

मला खोटं बोलता आलं न्हाय. मी रस्त्यावर पळालो, ह्या टोकाला, त्या टोकाला, सगळीकडं झाडंच. मष्णू म्हणाला, असंल अजून. असंल म्हणून आक्का जेवणार होय? रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन रात्री उपाशी बाई, पुढ्यात गरम ताट, आणि आता ही झाडी आडवी!

तेवढ्यात फोन वाजला. जिनेंद्र.

"मामा, जहाजावर पोचलासा काय?"

"न्हाय पोचलो! कणकुंबीत हाय. तुझी आई ताटावर बसलीया आणि हितं सूर्य दिसंना झालाय. तू फोन ठेव!"

तो म्हणाला, "मामा, ठेवू नका. थांबा." दार आपटल्याचा आवाज आला. मग पायऱ्यांवरचे पाय, धाडधाड, आणि त्याचा दम लागलेला. मला वाटलं ह्या पोराला झालंय काय. एक लोखंडी दार करकरलं, वाऱ्याचा आवाज यायला लागला.

"मामा, फोन आईजवळ धरा."

मी धरला. आणि त्यातनं अशी बोंब आली की कंडक्टरसुद्धा वळून बघाय लागला.

"आई, अजून हाय! गच्चीवर हाय मी, मला दिसतोय! हितं बेंगळुरात आधी बुडतोय, तुझ्याकडं मागनं. हितं हाय म्हणजे तुझ्याकडं हायच! जेव!"

आक्कानं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि घास घेतला. मी बाजूला उभा राहून नाक पुसत होतो. पोराला द्यायच्या म्हणून घाटभर साठवलेल्या शिव्या तशाच राहिल्या.

घास गिळून झाल्यावर आक्का फोनकडं वाकली आणि म्हणाली, "बरं, बरं. आता खाली उतर. पडशील."