मागच्या गेटजवळची खोली

इथे आखातात, माहूजला आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीचं एक मुसलमान कुटुंब राहायचं. मुहर्रकला त्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांची मुलगी कानाला मशीन लावायची, आमची कुबड्या घेऊन चालायची. दोघी एकाच शाळेत आणि एकाच खोलीत. ही खोली मुख्य इमारतीत नव्हती. मागच्या गेटजवळ, शाळेच्या बसेस उभ्या राहतात तिथे. ज्यांना कमी ऐकू येतं, चालता येत नाही, जी उशिरा बोलायला लागली, अशी सगळी लहानमोठी मुलं तिथेच एका बाईंच्या हाताखाली. मधली सुट्टीही इतरांची संपल्यावर.

मी विचारायला गेले तर प्रिन्सिपल म्हणाल्या, "तिच्याच सुरक्षिततेसाठी आहे हे." घरी तिला गणितं घालताना मला कळत होतं, तिथे तिला काहीच नवीन शिकवत नव्हते.

खालच्या भाईंनी, त्या मुलीच्या वडिलांनी, कोर्टात जायचं ठरवलं आणि आम्हाला विचारायला वर आले. माझा नवरा मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात अकाउंटंट. तो म्हणाला, "भाई, आपण परक्या देशात. उद्या व्हिसाचं काही झालं तर?"

"भीती मलाही आहे," भाई म्हणाले. "पण पोरगी आता घरातही बोलेनाशी झालीय."

दुसऱ्या दिवशी नवरा स्वतःच खाली जाऊन हो म्हणून आला.

मग तारखा सुरू झाल्या. कामकाज सगळं अरबीत. आम्ही चौघं मागे बसून नुसते चेहरे वाचायचो, बाहेर आल्यावर वकीलबाई इंग्रजीत समजावून सांगायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, शाळेचं म्हणणं आहे की ही मुलं वर्गात आली तर बाकीचे पालक नाराज होतील. भाईंची बायको तिथेच जिन्यात बसली.

निकाल लागण्याआधीच भाईंच्या दुकानाची इमारत पाडायला काढली आणि ते सगळे गावी परतले. पुढे निकाल आमच्या बाजूने लागला. मुलींना नेहमीच्या वर्गात बसवा, असा. मी भाईंना फोन केला.

"चांगलं झालं, वहिनी," ते म्हणाले. मग म्हणाले, "इथे जवळपास हिच्यासाठी शाळाच नाही. घरीच असते."

आमची मुलगी तळमजल्यावरच्या वर्गात बसायला लागली. आठवड्याभरात तिच्या शेजारच्या मुलीची जागा बदलली. आईवडिलांनी सांगितलं होतं म्हणे. दुसरी कुणी तिथे आली नाही.

"त्रास देतात का गं?" मी विचारलं.

"नो, आई. दे जस्ट डोन्ट टॉक टू मी."

अजून ती त्याच शाळेत आहे. मार्क चांगले पडतात. वर्गातल्या कुणाचा वाढदिवस असला की दुसऱ्या दिवशी तिला इतरांच्या बोलण्यातून कळतं. वकीलबाई मध्यंतरी मॉलमध्ये भेटल्या, कशी आहे म्हणाल्या. छान आहे, असं मी सांगितलं.