खडूने लिहिलेला आकडा

“आकडा बोला आधी,” म्हणत सर खडू पुढे करायचे. एम.टेक.च्या विद्यार्थ्याने काँक्रीटचा ठोकळा यंत्राखाली ठेवायच्या आधी तो किती दाबाला फुटेल, हे ठोकळ्यावरच लिहायचं. मग यंत्र सुरू. अंदाज न सांगता केलेला प्रयोग म्हणजे नुसती फोडाफोडी, असं त्यांचं मत.

असा एखादा हट्टी सहकारी तुमच्याही ऑफिसात असेल. विद्यापीठात आम्ही दोघं एकाच केबिनमध्ये बसायचो. कँटीनच्या पोह्यांत आज मीठ जास्त असणार, हे ते पहिल्या घासाआधी जाहीर करत. चुकले की पोरांसमोर कबूल करत. “चुकलो. लिहा.”

करमाडची एक मुलगी त्यांच्याकडे होती. काँक्रीटमध्ये थोडं सिमेंट कमी करून उसाच्या चिपाडाची राख घालायची, हा तिचा विषय. शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी ठरली होती, पण प्रबंध वेळेत मंजूर झाला तरच. शेवटच्या खेपेला तिने सगळ्या ठोकळ्यांवर तीस लिहिलं. सगळे वीस-बावीसलाच फुटले.

“सर, ही खेप नाय धरली तर? आधीच्या तर चांगल्या हायेत.”

“खडूनं कोणी लिहिलं? तूच ना? मग आता हेही लिही.”

ती रडली नाही, चिडली. मला येऊन म्हणाली, सरांची नोकरी पक्की हाय, म्हणून बोलतेत. मलाही तसंच वाटत होतं. मी ते सरांना सांगितलं.

“व्हय, बरोबर आहे तिचं,” ते म्हणाले. ती खेप वगळून प्रबंधावर सही मात्र केली नाही.

तिने चडफडत राखेचं पोतं तपासलं. राख अर्धवट जळालेली निघाली. त्यावर एक प्रकरण वाढवलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळे प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. ती पास झाली. तोवर नोकरी दुसऱ्याला गेली होती. दुसरी मिळेपर्यंत ती सरांशी बोलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात सरांची बायपास ठरली. आदल्या दिवशी मी दवाखान्यात गेले, तर ती आधीच येऊन बसलेली. निघताना तिनेच विचारलं, “सर, परत कधी येणार? आकडा बोला आधी.”

सर हसले. “पंधरा दिवसांत लॅबमध्ये उभा.”

ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आले नाहीत. चुकलेला आकडाही लिहायचा असतो, म्हणून मी इथे लिहिला.