सिरसाट काकांचं तिकीट

परदेशी जायचं म्हणून कोणी सिरसाट काकांकडे आलं की काका त्याला कुठे जायचं हे आधी विचारत नसत, कधी जायचं हेही नाही. ते विचारायचे, "कधी जमत नाई ते सांगा." समोरचा गोंधळायचा. मग काका समजावून सांगायचे, "तुमी दिवाळीच्या सुट्टीतली एक तारीख धरून बसता अन् मंग तिकीट महाग आहे म्हणता. तारीख सोडा. ज्या दिवशी तुमचं लग्नकार्य आहे, पोराची परीक्षा आहे, तेवढे दिवस मले सांगा. बाकीचं वर्ष माह्यं."

अकोल्याच्या आमच्या ऑफिसात ते ट्रेसर होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवून काढायचं काम. पुढे संगणक आले, ती कामं संपली, पण काकांचं टेबल खिडकीशी तसंच राहिलं. नकाशावर गावांची नावं लिहावीत तर त्यांनीच. अक्षर असं की छापलेलं वाटावं. मी अमरावतीहून बदलून तिथे अभियंता म्हणून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक जुना नकाशा दाखवला होता. त्यात तेल्हाऱ्याकडचं एक बारीकसं गाव होतं. "हे माह्यं गाव. सरकारी नकाशात नव्हतं. म्या टाकलं." एवढंच सांगून त्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला.

विमानाच्या तिकिटांचा नाद त्यांना मुलीमुळे लागला. मुलीने घरी एक जुना लॅपटॉप ठेवला होता. त्यावर काका रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी जगभरातली भाडी बघायचे. स्वतः एकदाही विमानात बसलेले नव्हते. पण कोणत्या शहरातून कुठे थेट विमान आहे, कुठे मधे उतरावं लागतं, सामान किती नेता येतं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. मुंबईहूनच विमान धरायचा आपला हट्ट त्यांना मुळीच पटत नसे. "हावड्याची गाडी आपल्या दारातून जाते. रात्रभर झोपा, दुसऱ्या दिवशी कोलकात्याले उतरा. तिथून पूर्वेकडचं तिकीट निम्म्यात भेटते. मंग उलटं मुंबईले काहून जाता?"

बाळापूरच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एका हेडमास्तरांना बायकोसह उमराहला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, जायचं होतं. काकांनी त्यांना हैदराबादहून पाठवलं. परत आल्यावर मास्तर खजुराचं खोकं घेऊन ऑफिसात आले आणि सगळ्यांदेखत काकांना मिठी मारली. आमच्याकडच्या एका क्लार्कने लग्नानंतर मलेशियाला जायचं तिकीट स्वतःच शोधून काढलं होतं, फारच स्वस्त. काकांनी ते पाहिलं आणि त्याला खुर्चीवर बसवलं. "बाप्पा, इथं एका विमानतळावर उतरायचं अन् दुसऱ्या विमानतळावरून उडायचं आहे. मधात दीड तास. शहराच्या दोन टोकाले आहे ते. नवी बायको घेऊन पळत सुटशीन काय?" त्यांचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ झालं होतं, "स्वस्त तिकीट अलग अन् सोपं तिकीट अलग." या कामाचं त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. फक्त तिकडच्या शहराचा नकाशा मिळाला तर आणा म्हणायचे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला कुठे जायचंय?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला. "व्हिएतनाम. तिथं एक नदी आहे, मेकाँग. समुद्राले भेटते तेव्हा तिच्या नऊ वाटा होतात. आपली पूर्णा आपण मे महिन्यात चप्पल हातात घेऊन पार करतो. आयुष्यभर पाण्याचेच नकाशे काढले, तर एकदा असं पाणी पाहावं म्हणतो. सुमनलेही दाखवावं." सुमनबाई त्यांच्या पत्नी. अंगणवाडीत होत्या. "तिनं तर गाव सोडून अकोला अन् अमरावती, दोनच शहरं पाह्यलीत."

त्यावरून बेत ठरला. मी, माझे यजमान नितीन, अमरावतीची माझी नणंद आणि तिचे मिस्टर, काका आणि सुमनबाई, असे सहा जण. जाऊ या म्हणणारी मीच होते. काका त्या दिवसापासून चार महिने त्या एकाच मार्गाचं भाडं बघत होते. रोज सकाळी मला सांगायचे, "आज नाई. अजून उतरते." दरम्यान सुमनबाईंचा पासपोर्ट अडकला. शाळेच्या दाखल्यावर 'सुमन' होतं आणि आधारवर 'सुमनबाई'. कागदपत्रं नव्याने द्यावी लागली. काका शांत होते. म्हणाले, "येते पंधरा दिवसात."

एका शनिवारी सकाळी सातला त्यांचा फोन आला. आवाजात घाई होती, जी त्यांच्या बोलण्यात मी कधी ऐकली नव्हती. "मॅडम, उतरलं. कोलकात्याहून थेट आहे. सहा जागा भेटून राहिल्या. लगेच काढा, दुपारपर्यंत टिकते का नाई सांगता येत नाई. सुमनचं नाव दाखल्यावर आहे तसंच टाका, पासपोर्ट तसाच येणार आहे. पासपोर्टचा नंबर आता लागत नाई." त्यांचं कार्ड परदेशी साइटवर चालत नसे, म्हणून सगळ्यांची तिकिटं मी काढायची असं ठरलेलं होतं.

मी लॅपटॉप उघडला. सहा जागा दिसत होत्या. नितीन मागे उभा होता. तो म्हणाला, "त्यांचा पासपोर्ट आला नाही अजून. नाहीच आला तर? ही तिकिटं परत होत नाहीत." मी म्हटलं, काका सांगतात ना येईल. मग त्याने बहिणीला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला. नणंद म्हणाली, "वहिनी, खरं सांगू का, आपलंच घरचं चौघांचं असलं तर बरं. ते लोक सोबत असले की मोकळं नाही वाटत. जेवणाखाण्याचं, खोल्यांचं. तुम्ही ऑफिसात ठेवा ना ती ओळख."

'ते लोक' म्हणजे वयस्कर लोक, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. माझ्या सासरच्या घरात सिरसाटसारख्या आडनावांचा उल्लेख कोणत्या सुरात होतो, ते मी बारा वर्षं ऐकत आले होते. मी वाद घातला नाही. मला सुट्टीच्या आधी घरात भांडण नको होतं. मी चार नावं टाकली आणि तिकिटं काढली.

मग काकांना फोन केला. "काका, चारच मिळाली हो. तुमची नावं टाकेपर्यंत जागा गेल्या."

लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडाच असणार आणि त्यात दोन जागा अजून दिसत असणार, हे मला बोलून झाल्यावर सुचलं. मग ते म्हणाले, "असू द्या. चौघांचं झालं ना. नावं नीट पाहून घ्या पासपोर्टवर आहेत तशी."

सोमवारी जेवणाच्या वेळी क्लार्कने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, निघाली ना गाडी व्हिएतनामला?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्याला म्हणाले, "आमच्या दोघाईचं राह्यलं. सुमनचं नाव लिहून देण्यात माह्याच हातून गडबड झाली. तेवढ्यात जागा गेल्या." सगळे हसले. कोणी तरी म्हणालं, "काका, गावभराची तिकिटं काढली अन् स्वतःचंच चुकवलं." काकाही हसले. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी पाणी प्यायले आणि डबा बंद केला.

जायच्या आधी त्यांनी मला एक कागद दिला. कोलकात्याला स्टेशनवरून विमानतळावर कसं जायचं, तिकडे उतरल्यावर कोणती बस, नदीवर सकाळचीच बोट घ्यायची कारण दुपारी ऊन लागतं, असं सगळं त्या छापील अक्षरात. आम्ही तसेच गेलो आणि एकदाही चुकलो नाही. मेकाँगवर सकाळी बोटीत बसलो. दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, चहाच्या रंगाचं पाणी, आणि कुठे काठ संपतो आणि कुठे दुसरी वाट सुरू होते ते कळत नव्हतं. नणंदेने फोटो काढायला मला पुढे उभं केलं. बोट सहा जणांची होती. मागच्या फळीवर दोन जागा रिकाम्या होत्या. मी त्या फोटोत हसले नाहीये, आणि का, ते घरात कोणी विचारलं नाही.

येताना काकांसाठी नदीच्या मुखाचा मोठा नकाशा आणला. त्यांनी तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि बराच वेळ वाकून पाहिला. "छपाई चांगली आहे. स्केल देल्लं नाई फक्त." मग हलकेच विचारलं, "पाणी कसं होतं?" मी सांगितलं. ते ऐकत राहिले.

सुमनबाईंचा पासपोर्ट आम्ही निघायच्या आधीच आला होता. मी म्हटलं, "काका, तुम्हा दोघांचं मी काढून देते. या थंडीत जाऊन या." ते म्हणाले, "नको मॅडम. सुमनचं मन नाई आता." मी आग्रह केला नाही. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर लोक त्यांच्याकडे कमी यायला लागले. नवा आलेला एक जण म्हणाला, "काकांचं आजकाल चुकते म्हणतात, आपण मोबाइलवरच पाहू." निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात तीच गोष्ट सांगितली, जगाला फिरवणाऱ्या माणसाचं स्वतःचं विमान कसं सुटलं ती. टाळ्या पडल्या. काका शाल सावरत हसत होते. दुसऱ्या रांगेत सुमनबाई बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. पुष्पगुच्छ द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी उठून तो दिला.

त्याच वर्षी थंडीत काका गेले. छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, तिथे दोन दिवस होते. मला ऑफिसच्या ग्रुपवर कळलं. मी साइटवर होते, परतले तोवर सगळं झालं होतं. सुमनबाई अमरावतीला मुलीकडे राहायला गेल्या. महिन्याभराने मी तिथे गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि खालच्या टेबलावर काकांचा फोटो, नव्या हारासकट.

मी काही बोलायच्या आधी त्याच बोलल्या. "तुमाले मालूमच असन मॅडम, त्याईनं माह्यं नाव चुकवलं ते. तीस वर्षं लोकाईच्या गावाचे नाव लिहिले, एक अक्षर नाई चुकलं. अन् बायकोचं नाव चुकलं. मले ते पटलंच नाई कधी. मले वाटलं, मुद्दाम चुकवलं. साहेब लोकाईसंगं जायचं, तर अशी गावातली बायको कायले, असं वाटलं असन. म्या बोलली त्याईले तसं. ते म्हणे, तसं नाई सुमन, चुकलं माह्या हातून. चार महिने म्या धड बोलली नाई. मंग बोलत होती, पण पहिल्यासारखं नाई."

मला वाटलं होतं, सुमनबाईंना खरं माहीत असेल. काकांनी निदान घरी तरी सांगितलं असेल. एका माणसाने माझं खोटं ऑफिसात झाकलं, आणि तेच घरी नेऊन बायकोचा राग स्वतःवर घेतला, शेवटपर्यंत. का, ते मी काकांना कधी विचारू शकले नाही. मी सुमनबाईंना सगळं सांगितलं. सहा जागा दिसत होत्या हे, नणंद काय म्हणाली हे, आणि मी चूप बसले हेही. 'ते लोक' हा शब्दही गाळला नाही.

त्या ऐकत असताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. रडल्या नाहीत. मला उठून जा असंही म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते होते तवा काहून नाई सांगतलं?"

मी टेबलावरच्या फोटोकडे पाहिलं.

"अजून कोणाले सांगतलं?"

"कोणालाच नाही."

"मंग सांगा. मले सांगून काय होते? ऑफिसात सांगा, ज्याईच्या ज्याईच्या पुढं ते हसले त्या सगळ्याईले सांगा. त्याईच्या हातून चुकलं नव्हतं म्हणून सांगा."

ऑफिसात मी सांगितलं. काहींनी मान खाली घातली, काही म्हणाले आता कशाला. साहेबांची बदली झाली होती, त्यांना पत्र लिहिलं. नणंद माझ्याशी बोलत नाही. पण काकांना ओळखणारी माणसं ऑफिसाबाहेरही पुष्कळ आहेत, बाळापूरला, तेल्हाऱ्याला, कुठे कुठे. त्या सगळ्यांपर्यंत मी पोचणार नाही, म्हणून हे लिहिते आहे. मधुकर सिरसाट यांनी पत्नीचं नाव बरोबर सांगितलं होतं. तिकीट त्यांनी बरोबर शोधलं होतं. ते मी काढलं नाही.