बॅगेतला निळा दिवा

अकोल्यातली ती व्हिडिओ गेमची स्पर्धा एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये होती. रविवार असल्यानं हॉल मिळाला. फळ्यावर आदल्या दिवशीचं टक्केवारीचं गणित तसंच होतं. त्याच्या शेजारी आयोजकानं नियम लिहिले होते. ज्याच्याकडून खेळ मध्येच थांबेल, तो ती फेरी हरेल. लढत संपली की उठण्याआधी आपल्या वायरलेस कंट्रोलरची दोन बटणं दिवा विझेपर्यंत दाबून जोडणी तोडावी. चपला बाहेर काढाव्यात.

मी आणि माझी धाकटी बहीण सकाळच्या बसनं अमरावतीहून आलो होतो. निघताना आईनं दारातच सांगितलं होतं, "आज हरली तं ते बटणांचं डबडं कपाटात. परीक्षा होयेपर्यंत बाहेर नाई निघणार." परीक्षा म्हणजे स्पर्धा परीक्षा, बहिणीचा दुसरा प्रयत्न.

"अन् जिंकली तं?" बहिणीनं विचारलं.

"तं पाहू."

आईचं 'पाहू' म्हणजे होकार असतो.

खेळ मारामारीचा, एका हिंदी कॉमिक्समालिकेवरून केलेला. त्या कॉमिक्स आम्ही लहानपणी भाड्यानं आणून एकत्र वाचल्या होत्या; माझं वाचून होण्याआधी ती पान उलटायची. खेळातली पात्रं पडद्यावर पुढं जातात, मागं येतात, उडी मारतात. बाजूला होता येत नाही. बहीण दोरवालीला घेऊन खेळायची. कॉमिक्समध्ये दोरवाली नायकाला विहिरीतून वर काढते आणि पुढच्या अंकापासून दिसत नाही. खेळातही ती दुबळी समजली जाते.

मी पहिल्याच लढतीत दीड मिनिटात हरलो. माझ्यानंतरचा खेळाडू खुर्चीमागं उभाच होता, म्हणून लगेच उठलो आणि कंट्रोलर बॅगेत टाकला. बहीण चारच्या सुमारास अंतिम लढतीत पोहोचली. समोर अंजनगाव सुर्जीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण. तो दुसऱ्या खेळाडूच्या खुर्चीत बसला. सकाळी त्याच यंत्रावर, त्याच खुर्चीत मी होतो.

"दोरवाली? कपडे वाळत घालाले आणली का, ताई?"

"तुले वाळत घालाले."

मागचे बाक हसले.

एक फेरी तिची झाली, एक त्याची. तिसरीत दोघांचीही ताकद बोटभर उरली. मी पहिल्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसलो होतो. बॅगेवर कोपरं टेकवून पुढं वाकलो. पडद्यावरचा खेळ थांबला. मधोमध चौकट आली : दुसऱ्या खेळाडूनं खेळ थांबवला आहे.

"मी नाई दाबलं," तरुण म्हणाला.

अकोल्यात गेम पार्लर चालवणारा आयोजक पडद्याजवळ गेला. त्यानं चौकट दोनदा वाचली. "लिहेल आहे थे. दुसरा खेळाडू."

"भाऊ, माहा अंगठा इकडे होता. पाहा ना."

"नियम फळ्यावर आहे. फेरी ताईची. लढतबी ताईचीच."

टाळ्या वाजल्या. बहिणीनं कंट्रोलर खाली ठेवला, ओढणीला हात पुसले आणि आईला लावायला फोन काढला. माझ्या बॅगेची चेन अर्धी उघडी होती. आत निळा दिवा लागलेला होता.

मी कंट्रोलर काढून आयोजकापुढं धरला. "खेळ माझ्या हातून थांबला. सकाळी जोडणी तोडायची राहिली."

"तुमी त्यायचे भाऊ ना?"

"हो."

"मंग कावून सांगून राहिले?"

तो फळ्यापाशी गेला. तिसऱ्याच माणसानं खेळ थांबवला तर काय करायचं, हे फळ्यावर नव्हतं. बराच वेळ उभं राहून त्यानं ठरवलं : तिसरी फेरी पुन्हा, पूर्ण ताकदीनिशी.

बहिणीनं फोन आत ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. तळवे एकमेकांवर घासून ती बसली. तिचा पहिला दोर चुकला, दुसरा लागला. मग तरुणानं दोरवालीला पडद्याच्या कडेला रेटलं आणि तिथून निघू दिलं नाही. फेरी चाळीस सेकंदांत संपली.

त्यानं हात पुढं केला. "मघाशी मी गेलोच होतो, ताई."

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

परतीच्या बसनं मूर्तिजापूर सोडलं. मग तिनं विचारलं, "दिवा कधी दिसला तुले?"

"टाळ्या वाजत होत्या तेव्हा."

"अन् चौकट आली तवा? शंका नाई आली?"

आली होती. मी तसं सांगितलं.

"मंग तवाच बोलाचं होतं, दादा. तवा हात गरम होते माहे."

बडनेरा गेलं.

घरी आईनं दोघांचे चेहरे पाहिले आणि काही न विचारता कपाट उघडलं. बहिणीनं आपल्या कंट्रोलरची दोन बटणं दिवा विझेपर्यंत दाबून धरली आणि तो आईच्या हातात दिला. मग तिनं माझ्यापुढं हात केला. मी माझाही दिला. तिनं त्याचीही बटणं दाबून धरली. आईनं दोन्ही साड्यांच्या मागं ठेवले आणि किल्ली फिरवली.