तिसरा कॅम

भायखळ्याचे आमचे मिस्त्री इंजिन डोळे मिटून ऐकत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि चेहरा असा करायचा, की मालकाला गाडीपेक्षा स्वतःच्याच प्रकृतीची काळजी वाटावी. मग निदान यायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बसत नाही." एरवी दिवसभरात हा माणूस दहा वाक्यं बोलेल तर शपथ. आज त्यांच्या गॅरेजच्या गल्लीत त्यांना ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

मी तेव्हा गिरगावात एका खोलीत राहणारा नवखा वकील होतो. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. चुलते गेले आणि त्यांची उघड्या टपाची जुनी गाडी माझ्या गळ्यात पडली. तिचं इंजिन मिस्त्रींकडे पार उघडलेलं होतं, म्हणून मी दर रविवारी जाई. खरं सांगायचं तर गाडीसाठी जात नसे. गॅरेजच्या मागच्या खोलीत मिस्त्री आणि त्यांची बायको दोघंच राहत, मूलबाळ नव्हतं. वहिनी चहा पुढे करून "जेवलात काय?" असं विचारीत. अख्ख्या मुंबईत मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

कॅमशाफ्ट निवडायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी गोणपाटावर तीन कॅम मांडले. कॅमवरचे उंचवटे वॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते ठरवतात. इंजिनाचा श्वासच म्हणा ना. पहिला गाडीचा मूळचा, घासून नीट केलेला. दुसरा किंचित तेज. तिसरा शर्यतीच्या मोडक्या गाडीतून काढलेला. तो घातला तर मोकळ्या रस्त्यावर गाडी उडेल, पण स्लो धरणार नाही, हळू चालवली की बंद पडेल, असं त्यांनी बजावलं. गाडी चालवणार कुठे, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. मी सांगितलं, जुहूच्या धावपट्टीवर, शर्यतीत. उभ्या जन्मात मी आट्यापाट्यासुद्धा जिंकलो नव्हतो, म्हणूनच तिसऱ्या कॅमसाठी हट्टाला पेटलो. दोन रविवार ते नाही म्हणाले. तिसऱ्या रविवारी गेलो तर तोच कॅम बसवलेला.

गाडी उभ्या जागी अडखळत, धापा टाकत होती. मिस्त्रींनी वेग वाढवला आणि तिने असा काही सूर लावला, की ते स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून चक्क हसले. वहिनी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. "ह्येंका आज काय झाला?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. त्याच आठवड्यात हरताळ पडला. बस नाही, टॅक्सी नाही. सकाळपासून वहिनींच्या पोटात असह्य कळा येत होत्या आणि गॅरेजात चालती गाडी एकच होती, माझी. मिस्त्रींनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि परळच्या इस्पितळाची वाट धरली. लालबागला मोर्चा आडवा आला. लोकांनी वाट दिली, पण एवढ्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीनेच न्यावी लागणार, आणि त्या चालीला इंजिन बंद पडे. उतरायचं, हँडल मारायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा बंद. शेवटी चार-पाच गिरणी कामगारांनी घोषणा थांबवल्या आणि गाडी ढकलत इस्पितळापर्यंत नेली. तोवर उशीर झाला होता. वहिनी दुपारीच गेल्या.

मला कळलं तिसऱ्या दिवशी. गेलो तेव्हा मिस्त्री एकटेच गाडीचं बॉनेट लावत होते. त्यांनी मूळचा कॅम परत बसवला होता. माझा हट्ट नडला, मिस्त्री, मला दोन शिव्या तरी द्या, असं मी म्हणालो. त्यांनी बराच वेळ हात पुसले.

"तुमका त्यातला काय कळता, वकीलसाहेब? माका कळत होता." मग खाली बघत म्हणाले, "असला इंजिन एकदा तरी बांधूचा होता माका. म्हणून तेव्हा तो कॅम बसवलंय."

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि ते आत गेले. मी गाडी काढली. भायखळ्याच्या बाजारात भाजीवाल्यांची, पाटीवाल्यांची ही गर्दी. त्या गर्दीतून गाडी माणसाच्या चालीने निघाली. ती एकदा तरी बंद पडावी म्हणून मी गिरगावापर्यंत वाट पाहिली. ती पडली नाही.