डिक्कीवरची फळी आणि लिटरमागचा दीड किलोमीटर

भैय्यालाल रामटेके रायपूरच्या मौदहापाऱ्यातून गाडीला स्पॉइलर बसवून घरी आले, तेव्हा गल्लीत तो सगळ्यांत आधी पांडुरंगनं पाहिला. पांडुरंग शेजारचा, उरलाच्या रोलिंग मिलमध्ये फिटर, पहिली पाळी संपवून येत होता. त्यानं मोटारसायकल उभी केली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "भाऊ, इस्त्रीचा टेबल मागून काहून लावला?"

"हवेसाठी हाय तो," भैय्यालाल म्हणाले. "अ‍ॅव्हरेज वाढते."

काळी, चार फूट लांब, दोन पायांवर उभी अशी ती फळी पांढऱ्या सेकंडहँड सेडानच्या डिक्कीवर बसली होती. दुकानदारानं तिचे गुण दहा मिनिटं सांगितले होते, पण भैय्यालालना त्यातले तीनच शब्द पुरले होते: गाडीच्या मागची हवा. त्या हवेबद्दल त्यांना शिकवणारा माणूस त्यांच्या समता कॉलनीत तरी नव्हता. चौतीस वर्षं ते मालगाडीचे गार्ड होते, म्हणजे चौतीस वर्षं गाडीच्या शेपटीला, शेवटच्या डब्यात. कोळशाच्या अठ्ठावन्न वाघिणी पुढे निघून गेल्या की रुळांवरची धूळ आधी मागे उडते आणि मग वळून गार्डाच्याच डब्यात घुसते. का घुसते? मागे पोकळी झालेली असते, ती ओढून घेते. धुळीला ओढते तशी गाडीलाही ओढत असणार. पोकळी मोडली की पेट्रोल वाचलं.

निवृत्तीनंतर गाडी घेतली होती ती एका कामासाठी. बायकोची, मायाबाईंची, धाकटी बहीण रीना नागपूरला इंदोऱ्यात राहते. तिच्या दारात बायकोला स्वतःच्या गाडीतून उतरवायचं, एवढीच भैय्यालालची हौस होती. रीनाच्या नातीचं बारसं डिसेंबरातल्या एका शनिवारी ठरलं होतं. मुहूर्त सापडला होता, गाडी तयार होती, फक्त फळी मध्ये आली.

रविवारी वंदना आटोपून मायाबाई विहाराच्या पायऱ्या उतरल्या, तेव्हा गाडीभोवती वीसेक माणसं जमली होती. एका बाईनं स्पॉइलरवर डबा ठेवून चपला शोधायला सुरुवात केली होती. दुसरी विचारत होती, यावर बिजौरीच्या वड्या किती वेळात वाळतील. मायाबाईंनी हे शांतपणे ऐकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "दीक्षाचे बाबा, ही फळी हाय तोपर्यंत मी ह्या गाडीत नाही बसत. नागपूरलेही नाही."

त्या ई-रिक्षात बसून निघाल्या. रिक्षामागून शेजारची सीट रिकामी ठेवून भैय्यालाल घरापर्यंत आले. विहारातली माणसं बराच वेळ हसत होती.

दोन महिने असेच गेले. मग भैय्यालालनी जेवणाच्या टेबलावर डायरी उघडली. गार्डाची सवय, प्रत्येक वेळी टाकी भरली की लिटर आणि किलोमीटर लिहिलेले. स्पॉइलरच्या आधीचे आठ महिने, लिटरला सरासरी चौदा पूर्णांक आठ. नंतरचे दोन महिने, सोळा पूर्णांक चार.

"दीड किलोमीटरच्या वर," ते म्हणाले. "आता बोल."

"डायरी तुमची, गाडी तुमची. गवाह कोण हाय?"

मुलगी दीक्षा पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. तिला घरातलं मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीच. "पापा, शहर में स्पॉइलर से डेढ़ किलोमीटर? हो ही नहीं सकता."

"लिहून हाय ना."

"तो टेस्ट करते हैं. वही रोड, वही स्पीड. एक बार लगाके, एक बार निकालके."

अटी ताटं उचलायच्या आत ठरल्या. स्पॉइलरनं पेट्रोल वाचतं असं निघालं, तर मायाबाई मुकाट्यानं बसतील आणि नागपूरला जातील. नाही निघालं, तर फळी उतरेल. भैय्यालालनी हात पुढे केला. मायाबाईंनी त्यात वरणाची वाटी दिली.

नवा रायपूरचे रस्ते या कामासाठीच बांधलेत की काय असं वाटावं, इतके रुंद आणि रविवारी सकाळी इतके मोकळे. अडचण एकच होती. दीक्षानं सांगितलं की चारही फेऱ्यांत गाडीत वजन सारखं हवं आणि घड्याळ बघायला पुढे कोणीतरी हवं. ती स्वतः पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या स्कूटरवर मागे बसून, चित्रण करत बाजूनं येणार होती. म्हणजे मायाबाईंना बसणं भाग होतं.

"हे बसणं धरायचं नाही," त्यांनी बजावलं आणि डोक्यावरून ओढणी घेऊन बसल्या.

आदल्या संध्याकाळी दीक्षानं हवा कुठं वळते ते दिसावं म्हणून आईच्या पिशवीतला नारिंगी लोकरीचा गुंडा घेऊन वीत-वीतभराचे साठ धागे कापले होते आणि मागच्या काचेवर, डिक्कीवर, स्पॉइलरच्या खाली-वर चिकटपट्टीनं लावले होते. गाडी उभी असताना ती एखाद्या केसाळ जनावरासारखी दिसे. पेट्रोलपंपावरच्या माणसानं विचारलं, "शादी की गाड़ी है?"

"हव," मायाबाई म्हणाल्या. "नवरदेव एकसष्ट वर्षांचा हाय."

लोकरीची फेरी हळू, चाळीसच्या वेगानं झाली. दीक्षानं मोबाइलवरचं चित्रण रस्त्याकडेला दाखवलं. काचेवरचे धागे तेल लावून विंचरल्यासारखे चापून बसले होते. स्पॉइलरच्या वरचेही तसेच. पण डिक्कीच्या मागे, नंबरप्लेटजवळ लावलेले धागे वेड्यासारखे गरगरत होते. कधी खाली, कधी उलटे गाडीकडे.

भैय्यालाल स्क्रीनवर वाकले. "हीच माही धूळ," ते म्हणाले. "पाय, वळून येऊन राहिली."

"सही है पापा. आपका खिंचाव सही है. पर फळी के बाद भी घूम रही है न?"

फिरत होतीच. गाडीची कंपनी डिक्कीला छोटीशी कडा ठेवते ती चाचणीच्या बोगद्यात हवा सोडून, मोजून, बोटभर इकडेतिकडे करून. तिनं हवा डिक्कीवरून नीट सुटते आणि मागची ओढ थोडी कमी होते. ही फळी कोणी मोजलेली नव्हती. ती वरून जाणारी हवा अडवून गाडीचं मागचं टोक रस्त्यावर दाबते. शर्यतीच्या गाडीला वळणावर ते लागतं, आणि त्याची किंमत इंजिन पेट्रोलमध्ये भरतं. दीक्षानं हे तीन वाक्यांत सांगितलं. बापानं "आधी मोजू" एवढंच उत्तर दिलं.

धागे काढले, मैत्रीण स्कूटर घेऊन गेली, दीक्षा मागे येऊन बसली, मोजणी सुरू झाली. पंचेचाळीस किलोमीटरच्या चार फेऱ्या, काटा ऐंशीवर, प्रत्येक फेरीनंतर त्याच पंपावर, त्याच नळीनं टाकी भरून. पहिली फेरी फळी लावून. मग चार बोल्ट सोडून फळी मागच्या सीटवर, दीक्षाच्या मांडीवर. डिक्कीच्या भोकांना चिकटपट्टी. तिसरी पुन्हा लावून, चौथी काढून. पंपावरचा माणूस तिसऱ्या वेळेपर्यंत चहा घेऊन उभा होता आणि चौथ्या वेळी त्यानं आकडा स्वतःच मोठ्यानं वाचला.

फळी असताना लिटरला सतरा. फळी नसताना साडेसतरा. दोन्ही वेळा.

भैय्यालालनी चारही आकडे डायरीत लिहिले, खाली सही केली. चौतीस वर्षांत त्यांनी आकडा कधी फिरवला नव्हता. "उतरली," ते म्हणाले आणि पाना खिशात घातला.

मायाबाई जिंकल्या होत्या. परतीच्या वाटेवर तेलीबांध्याच्या दोन किलोमीटर आधी त्यांना याचा पश्चात्ताप होऊ लागला.

सकाळी येताना गाडी लोण्यावरून सरकल्यासारखी चालली होती. सिग्नल दिसायच्या आधी पाय निघत होता, गतिरोधक गाडीला कळतसुद्धा नव्हता. आता फळी सीटवर होती आणि भैय्यालाल पुन्हा तेच भैय्यालाल झाले होते, जे चौतीस वर्षं शेपटीला बसून आता पहिल्यांदा पुढे बसले होते. सिग्नल हिरवा झाला की गाडी उसळे. ट्रकच्या मागे टेकून ब्रेक, बाजूनं पुढे, पुन्हा ब्रेक. गतिरोधकावर तिघंही एकदमच उडाले आणि फळीचा एक पाय दीक्षाच्या हनुवटीला लागला.

"आठ महिने अशीच चालवत होते न तुमी?" मायाबाईंनी विचारलं. एक हात वरच्या कडीला होता.

"कशी?"

"अशी. आणि सकाळी काहून नाही चालवली?"

भैय्यालालनी गिअर बदलला. "दचका बसला का ते फळी खडखडते," ते म्हणाले. "डिक्कीचा पत्रा हालते. मग जपून चालवा लागते."

मागच्या सीटवर दीक्षा हसायला लागली आणि तिला थांबता येईना. "मम्मी, स्पॉइलर डिक्की पे नहीं लगा है," ती कशीबशी म्हणाली, "पापा के पैर पे लगा है. आधा किलोमीटर हवा खा गई, दो किलोमीटर पैर ने बचाया."

"गाडी थांबवा," मायाबाई म्हणाल्या.

नारळपाणीवाल्याच्या हातगाडीजवळ गाडी थांबली. मायाबाई उतरल्या. त्या आता रिक्षा बघणार, असं भैय्यालालना वाटलं. त्यांनी नजर समोर ठेवली. मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

"दे ते फळी इकडं," मायाबाई लेकीला म्हणत होत्या. "आणि तुमी काय पाहून राहिले? पाना घ्या."

"माया, शर्त हारलो मी."

"शर्त पेट्रोलची होती. मले नागपूरले जित्तं पोचाचं हाय."

त्यांनी फळी दोन्ही हातांनी डिक्कीवर धरली, भैय्यालालनी बोल्ट आवळले. नारळपाणीवाला थोडा वाकून बघत होता. त्यानं विचारलं, "दीदी, ये लगाने से क्या होता है?"

"आदमी सुधरता है," मायाबाई म्हणाल्या. "कसून आवळू नका वो. थोडं खडखडू द्या."

त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि यावेळी हे बसणं धरायचं नाही असं काही म्हणाल्या नाहीत. गाडी हलकेच रस्त्याला लागली. मागून दोन ट्रक आणि एक स्कूटर भोंगा वाजवत पुढे निघून गेली. भैय्यालालनी तिघांनाही वाट दिली. मायाबाईंनी फोन काढून रीनाला लावला.

"बारशाले येऊन राहिलो, गाडीनं," त्या म्हणाल्या. "नाही, पाच तासांत नाही होत. सात धर. अव, बिघडली नाही, चांगली हाय. तू दाराले उभी राय फक्त, आणि हसली तर परत जाईन."