तांबड्याच्या पाठीवर पडलेला ड्रोन

काकांना उचलायच्या आधी मी ड्रोन उचलला. तोंडानं ही गोष्ट मी कबूल केली त्याला आता वर्ष होत आलं. लिहितो मात्र आज पहिल्यांदाच.

नेरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, साक्षगंध, पासपोर्ट फोटो असं सगळं करतो. राहतो जवळच्या गावात, रोज गाडीनं जाणं-येणं. हल्ली लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला माणूस पहिलं विचारतो, "ड्रोन आहे का?" दोन-तीनदा नाही म्हणावं लागलं आणि मग मी एक छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन घेऊन आलो. दुकानदारानं अंगणात दोन घिरट्या मारून दाखवल्या आणि म्हणाला, "मोबाइल चालवता ना? मग झालं." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मीही ते खरं मानलं. पोळ्याच्या चार दिवस आधीची ही गोष्ट.

आमच्याकडे शेती नाही, त्यामुळे बैलही नाहीत. पोळ्याला घरोघरी बैल धुतात, रंगवतात, ओवाळतात. आम्ही शेजारच्या काकांच्या जोडीला पुरणपोळीचा घास देऊन हौस भागवतो. त्या वर्षी बायकोनं ताट घेतलं आणि हसत म्हणाली, "यंदा तुमचाही बैल आला." मी ड्रोन पाटावर ठेवला. त्याच्या पोटाशी दोन बारीक डोळे असतात, जमीन किती लांब आहे ते तो त्यांनी मोजतो. मला ते काय ठाऊक! मी तिथंच चांगलं ठसठशीत कुंकू भरलं. त्याच्या पात्याखालच्या एका हाताला लाल दोरा बांधला आणि शोभेसाठी त्याची टोकं लांब सोडली. आमच्याकडे गाडी येवो, पिठाची गिरणी येवो की कॉम्प्युटर, कुंकू आणि दोरा झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. त्यात चुकीचं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

दुपारी मारुतीपुढच्या मैदानात तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, डफडं वाजत होतं, सगळ्यांच्या नजरा तोरणाकडे. मी मागच्या बाजूनं ड्रोन उडवला आणि सरळ बैलांच्या डोक्यावर नेला. स्क्रीनवर रंगवलेली शिंगं आणि झुली एवढ्या सुंदर दिसत होत्या की मी आणखी खाली, आणखी खाली करत गेलो. दोऱ्याचं टोक सुटून पात्याखालच्या मोटरीत गुंडाळलं गेलं. ड्रोन कलला आणि काकांच्या तांबड्या बैलाच्या पाठीवर पडला. एक पातं कानाला चाटून गेलं.

तांबड्यानं उसळी मारली. कासरा काकांच्या मनगटाला गुंडाळलेला होता. ते दहा पावलं फरफटत गेले. शेजारच्या जोड्याही बुजल्या. धुरळा, आरडाओरडा, पळापळ. मी धावलो. काका पालथे पडले होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घसरलेल्या झुलीखाली, माझा ड्रोन होता. मी आधी तो पिशवीत घातला. मग काकांना हात दिला.

त्यांचं मनगट मोडलं होतं. तांबड्याच्या कानाची चीर लोकांनी काटेरी तारेवर ढकलली. मला एकानं विचारलं, "तुहा ड्रोन कुठं होता बे?" मी म्हणालो, "मी तं कवाचाच उतरवलता." पुढचं गावानंच ठरवून टाकलं की तांबडा बुजरा आहे. बुजऱ्याचा मारका व्हायला आठवडाही लागला नाही. काकू त्याच्याजवळ जाईनाशा झाल्या. "घरच्या धन्याले पाडते तो बैल दावणीले नोका ठेवू," असं त्यांनी काकांना बजावलं. एवढे हंगामाचे दिवस निघाले की संक्रांतीनंतरच्या बाजारात तांबडा विकायचा, असं ठरलं. मी रोज त्यांच्या दारावरून जायचो. प्लॅस्टरमधला हात वर करून काका मला राम राम घालायचे.

ड्रोन मी दुरुस्त करून आणला, पण उडवायची हिंमत होईना. दिवाळीनंतर जवळच्या तांड्यावरच्या बायकांच्या बचत गटानं मला बोलावलं. त्यांच्यातली एक बाई फवारणीचा मोठा ड्रोन चालवायला शिकून आली होती आणि गटाला फ्लेक्ससाठी तिचा फोटो हवा होता. बाई तिशीची, दोन लेकरांची आई. मला वाटलं होतं, येईल, उडवेल, मी फोटो काढेन. पण ती आधी अख्खं वावर पायी फिरली. विजेच्या तारा कुठून जातात ते पाहिलं. चिमूटभर माती हवेत सोडून वाऱ्याचा अंदाज घेतला. फडक्यानं ड्रोनचे डोळे पुसले, प्रत्येक पातं हातानं फिरवलं, बांधावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना उठवून लांब बसवलं. मी कॅमेरा हातात धरून नुसता बघत राहिलो.

"ताई, मले शिकवसान का?" मी विचारलं.

"आना तुमचा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी माझा ड्रोन घेऊन गेलो. तिनं तो उलटा केला.

"पडला होता का कवा?"

"हो. तार लागली होती."

तिनं साडीची पिन काढली आणि मोटरीच्या फटीतून एक तंतू ओढला. दुरुस्तीवाल्यानं पातं बदललं होतं, फटीत पाहिलं नव्हतं. तंतू माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "तार लाल राह्यते काय, भिया?"

तांड्यावर भावाला भिया म्हणतात. त्या शब्दामुळे मला जास्तच लाज वाटली.

"अन् याच्या डोयात कुंकू काहून भरलं? आंधळा केला ना बिचाऱ्याले!" ती हसली, मग एकदम गंभीर झाली. "आमाले टरेनिंगले पह्यल्या दिवशी वही देल्ली होती. पडला तं जसा पडला तसंच लिहाचं. पडल्याचं कारण खोटं लिहिलं तं तो पुन्हा तसाच पडते. सांगा आता. कसा पडला? कोनावर?"

मी सांगितलं. झुलीखालच्या ड्रोनपर्यंत सगळं. तिनं तो लाल तंतू माझ्या तळहातावर ठेवला. मग म्हणाली, "शिकवतो. पन त्या काकाले सांगतल्याशिवाय तुमच्या हाती रिमोट देनार नाही."

त्या संध्याकाळी मी काकांच्या ओसरीवर गेलो. काकू शेंगा सोलत होत्या. उभ्यानंच बोललो, कारण बसलो असतो तर विषय दुसरीकडे गेला असता. काकूंच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. काका आपल्या मनगटाकडे पाहत होते. प्लॅस्टर निघालं होतं, पण हात पूर्ण वळत नव्हता.

"मले वाटे," ते म्हणाले, "मीच कासरा चुकीचा धरला. रोज वाटे."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिव्या काकूंनी दिल्या, भरपूर दिल्या, आणि मी त्या ऐकून घेतल्या. सगळं झाल्यावर काका म्हणाले, "मंग असं कर. ज्यायनं माह्या बैलाले बुजरा म्हटलं, त्या सगळ्यायसमोर उडव. उभा राह्यला तं तांबडा माह्या दावणीले राहीन. उधळला तं जाईन बाजारात."

"उडवतो काका. पन त्याच्या डोक्यावरून नाही. बाजूनं, लांबून. अन् आधी शिकू द्या."

"शिक. संक्रांतीपर्यंत टाइम हाय तुले."

मग मी शिकलो. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात, सकाळी वारा पडलेला असताना. पहिले दोन आठवडे तिनं मला कॅमेरा सुरूच करू दिला नाही. डोक्याएवढ्या उंचीवर स्थिर ठेवायचा आणि उतरवायचा. पुन्हा चढवायचा, पुन्हा उतरवायचा. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. पंचवीस वर्षं लोकांना "थोडं डावीकडे" सांगत आलेला मी तिथं रोज चुकायचो. "स्क्रीन नोका पाहू, त्याच्याकडं पाहा," ती बांधावरून ओरडायची. एकदा घरी परत बोलवायचं बटण दाबलं आणि ड्रोन सरळ बाभळीकडे निघाला. मी घाबरून दोन्ही हात सोडले. तिनं येऊन थांबवला. परतीची उंची मी झाडापेक्षा कमी ठेवली होती.

"बाभूळ दिसत नव्हती काय?"

"दिसत होती."

"मंग त्याले कोन सांगनार? बाभळीनं सांगाचं काय?"

बॅटरी एक-तृतीयांश उरली की उतरायचं, कितीही छान दिसत असलं तरी. उडवण्याआधी सरकारी नकाशावर आपला भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, आहे ना ते बघायचं. माणसांच्या आणि जनावरांच्या डोक्यावरून न्यायचा नाही. हे सगळं मी वहीत लिहून काढलं, दोरा आणि कुंकवासकट.

जानेवारी लागल्यावर तांबड्याची तयारी सुरू केली. पहिल्या दिवशी ड्रोन दोनशे पावलांवर उडवला. त्यानं कान टवकारले, पाय आपटले. काका त्याच्या मानेवर हात फिरवत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अंतरावर; जवळ आणायची घाई केली नाही. पाचव्या दिवशी शंभर पावलांवर आलो. आठव्या दिवशी आवाज ऐकून त्यानं मान वळवली, पाहिलं, आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. त्या दिवशी मी घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या वावरात अर्धं गाव जमलं. पोळ्याला खरं काय झालं ते काकूंनी तोवर गावभर सांगितलं होतं. मी आधी फक्कीनं पांढरी रेघ मारली आणि सगळ्यांना तिच्यामागे बसायला सांगितलं.

"काय बे, या खेपेले दोरा नाही बांधला?"

"बेलफूल तं वाह त्याच्यावर!"

"बाईपासून शिकला म्हंते."

"हो, बाईपासूनच," मी म्हणालो. ताई माझ्या शेजारी उभी होती. मी स्क्रीन पाहीन तेव्हा ड्रोनवर नजर ठेवायची जबाबदारी तिची. तांबडा साठ पावलांवर, काका कासरा हातात घेऊन, मनगटाला न गुंडाळता. काकू सगळ्यांच्या मागे.

पाती पाहिली. डोळे पुसले. बॅटरी, वारा, तारा, माणसं. ड्रोन वर गेला. वीस मीटरवर थांबवला. तांबड्यानं पाहिलं आणि उभा राहिला. मी हळूच बाजूनं पुढे नेला.

"घार," ताई एवढंच म्हणाली.

वर एक घार गोल फिरत, ड्रोनवर झडप घालायच्या बेतानं, खाली येत होती. रेघेमागून ओरडा सुरू झाला, "जवळ आन ना! घारीचा बी घे फोटो!" पोळ्याच्या दिवशीचा मी असतो तर खरंच घेतला असता. चित्र मस्त होतं. मी कॅमेरा बंद केला, ड्रोन बैलापासून दूर नेला आणि शांतपणे उतरवला. लोक खो-खो हसले. एकजण म्हणाला, "बैल नाही भ्याला, हाच भ्याला!" मी हसण्यात सामील झालो नाही, रागावलोही नाही. बॅटरी बदलली आणि घार नदीकडे निघून जाईपर्यंत पंधरा मिनिटं तसाच उभा राहिलो.

दुसऱ्यांदा उडवला तेव्हा कोणी ओरडलं नाही. वीस मीटर. मग पंधरा. तांबड्याच्या एका बाजूनं, चाळीस पावलांचं अंतर राखून, मी पूर्ण अर्धा गोल घेतला. तेवढा वेळ आवाज होता तो फक्त पात्यांचा. अर्ध्या वाटेवर तांबड्यानं शेपटी उचलली, निवांत शेण टाकलं आणि रवंथ सुरू केलं.

सगळं वावर हसलं, पण या वेळी हसू वेगळं होतं. मघाचाच माणूस म्हणाला, "बुजरा म्हने! आपल्यापेक्षा धीराचा हाय." ड्रोन उतरवला, पाती थांबली, बॅटरी काढली. तोपर्यंत मी मान वर केली नव्हती. वर केली तेव्हा काकू रेघ ओलांडून बैलाकडे चालल्या होत्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तांबड्याच्या चिरलेल्या कानावर हात ठेवला.

"पास झाले, भिया," ताई म्हणाली. "आता नाही. घार आली तवा उतरवला ना, तवाच."

मला आयुष्यात बक्षिसं मिळालेली नाहीत. फोटोंच्या स्पर्धेत एकदा उत्तेजनार्थ मिळालं होतं. त्या सकाळी रिकाम्या वावरातून चालताना मात्र मला जिल्हा जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही.

काकांना शूटिंग पाहायचं होतं. ओसरीवर बसून मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. वावर, हिरवी तूर, रेघेमागची माणसं, सगळं वरून छान आलं होतं. काका यातलं काहीच पाहत नव्हते. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला होता आणि बोट तांबड्यावर ठेवलं होतं.

"मान हालवली का त्यानं?"

"नाही काका."

"पाय?"

"नाही."

"पुन्हा लाव," ते म्हणाले.